ओढ्याकडची वहिवाट

गणपतरावांच्या गच्चीवर कॉलनीची बैठक भरली की आधी भडंग यायचा, मग भांडण व्हायचं आणि शेवटी चहा. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मात्र भडंगाची परात तशीच राहिली आणि आधी भांडणालाच तोंड फुटलं. कारण सकाळी हंबीरराव बिल्डरची माणसं येऊन मागच्या माळावर खुणेचे दगड पुरून गेली होती.

कॉलनी फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. मोजकीच घरं, बहुतेक बैठी. मागं गुडघाभर गवताचा माळ, माळाच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडं ऊस. आराखड्यात हा माळ रहिवासी म्हणून दाखवला होता, पण बैठ्या घरांपुरताच. हंबीररावानं तो विकत घेतला आणि झोन बदलून मागितला. सात मजली इमारती उठवायच्या होत्या त्याला. पेपरात बारीक अक्षरात नोटीस आली होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत कळवावी, मग नगररचनेचे साहेब येऊन जागा बघतील, मग निकाल.

हरकत सगळ्यांचीच होती. कुणाला पाण्याची काळजी, कुणाला गाड्यांची, कुणाला वरून कुणीतरी आपल्या अंगणात डोकावेल याची. दीक्षाला काळजी होती ती उन्हाची. तिचं घर शेवटचं, माळाला चिकटून. तिचे सासरे आबा एसटीच्या वर्कशॉपात राबले आणि जन्मभर अशा बोळातल्या खोलीत राहिले, जिथं भर दुपारी दिवा लावावा लागायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं आणि मागं पश्चिमेला व्हरांडा काढला. आता मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले होते. माणसं सावल्यांसारखी दिसायची, पण ऊन मात्र दिसायचं. दुपारची जेवणं झाली की आबा खुर्ची घेऊन मागं बसत, ते सूर्य उसात बुडेपर्यंत. सात मजले उभे राहिले की जेवणाच्या वेळेलाच त्या व्हरांड्यात संध्याकाळ होणार होती. आबांना पुन्हा बोळात नेऊन बसवल्यासारखं ते झालं असतं, आणि दीक्षाला हे नुसतं मनात आलं तरी गलबलून यायचं.

गणपतराव दूध संघातून निवृत्त झालेले, आवाजानं आणि अंगानं मोठे. त्यांच्याकडं तोडगा तयार होता. एक धोंडा आणायचा, शेंदूर फासायचा, म्हसोबा म्हणायचं. हंबीररावाच्या बापाची हात लावायची छाती होणार नाही.

दीक्षा उठून उभी राहिली. हायस्कूलात विज्ञान शिकवायची ती, त्यामुळं ती उभी राहिली की माणसं आपोआप गप्प बसायची. आमच्या घरात धोंडे पुजत नाहीत, आणि खोटे तर मुळीच नाहीत, असं तिनं स्वच्छ सांगितलं. शिवाय आज धोंडा ठेवाल, उद्या देऊळ होईल, परवा कर्णा लागेल, आणि त्याच्या नावानं बोंब मारायला गणपतरावच पुढं असतील. लोक हसले. गणपतरावही हसले.

"मग तुमीच सांगा की बाई."

दीक्षानं वकिलाला विचारून ठेवलं होतं. वकिलानं तिला एकच शब्द दिला होता, वहिवाट. पाण्याकडं जायची लोकांची जुनी वाट माळामधून असेल, तर ती अडवता येत नाही, आणि माळाच्या मधोमध वाट सोडावी लागली की सात मजल्यांचा सगळा हिशेबच मोडतो. अडचण एवढीच होती की अशी वाट नव्हती.

"पाडू या," दीक्षा म्हणाली. "गवताला जन्मतारीख कोण विचारतंय?"

वाट ओढ्यापासून निघून कुठंतरी संपायला हवी होती. दीक्षाच्या घराच्या कडेनं समोरच्या रस्त्यापर्यंत एक बोळकांडी होती आणि तिला मागं लोखंडी गेट. तिनं ती वाटेसाठी तिथल्या तिथं देऊन टाकली. कुलूप लागतं ती वहिवाट नव्हे, असं वकिलानं बजावलं होतं. म्हणून गणपतरावांनी त्याच संध्याकाळी गेट बिजागरीवरून उचकटून भिंतीला टेकवून ठेवलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे खोटीच वाट की," ते म्हणाले.

"आपण रोज चाललो की खोटी कुठं राहते, आबा?"

आबांनी उन्हाकडं तोंड केलं. "चालणाऱ्याची वाट, हे खरं हाय," ते म्हणाले. "पन मग जो चालंल त्येची."

दुसऱ्या दिवसापासून कॉलनी चालायला लागली. सकाळी नोकरदार, संध्याकाळी बायका, अधेमधे रिकामटेकडे. ओढ्यापर्यंत जायचं, काठावर उगीच उभं राहायचं आणि परत यायचं. डॉक्टरनं कानीकपाळी ओरडूनही ज्यांनी कधी फिरायला पाऊल उचललं नव्हतं, त्यांची साखर उतरली. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरं या वाटेवर बोलायला लागली. गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि पलीकडून उकळत्या रसाचा वास यायचा. गवत आडवं पडत गेलं, पिवळं झालं आणि त्यातून माती दिसायला लागली. आपण धोंड्याला शेंदूर न फासता लढतोय, कुणाला फसवत नाही, असं दीक्षा स्वतःला सांगायची. फसवत होतीच, फक्त पायांनी.

आबांची तर चैन झाली. इकडं दारावरून जाणारा प्रत्येक जण पावणा, मग तो ओळखीचा असो वा नसो. व्हरांड्यात बसलेल्या आबांना नुसता आवाज लागायचा. पावलं वाजली की ते हाक द्यायचे, "या पावणं, टेका घटकाभर." कोण आहे ते त्यांना दिसायचं नाही, त्यामुळं भेदभावही नव्हता. बरेच जण टेकायचे. दीक्षाचा चहा-साखरेचा खर्च वाढला, पण म्हातारा माणसांत होता, त्याचं तिला समाधान होतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती वाळत टाकलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि कठड्याशी थांबली. वरून वाट सबंध दिसत होती. ओढ्यापासून पट्टीनं आखल्यासारखी निघाली होती, पण निम्म्यावर आल्यावर ती एका बाजूला झुकत होती, अर्धगोल वळसा घेत होती आणि पुन्हा आपल्या रेषेवर येत होती. वळशाच्या पोटात दगड नव्हता, खड्डा नव्हता, काटाही नव्हता. तिथं फक्त गवत उभं होतं, कुणी न तुडवलेलं. एखादं माणूस मांडी घालून बसेल एवढाच तो तुकडा होता.

तिनं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही सरळ जातो, सरळ येतो.

शिकवणाऱ्या माणसाला असं उत्तर पुरत नाही. तिनं शाळेतून खेळाचं मैदान आखायची फक्की आणली. कबनूरच्या बँकेत असलेला तिचा नवरा प्रसेनजीत रविवारची झोप मोडल्याबद्दल कुरकुरत सुतळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. ओढ्यापासून बोळकांडीपर्यंत पांढरी रेघ ओढली. दिवसभर लोक तिच्यावरून चालले. संध्याकाळी दीक्षानं जाऊन पाहिलं. दोन्ही टोकांना रेघ पुसून गेली होती. मधे, त्या तुकड्यावर, ती सकाळी ओढली तशीच होती.

मग ती स्वतः चालली. नजर रेघेवर, पाऊल रेघेवर. काही अडलं नाही, काही दिसलं नाही. पुढं जाऊन तिनं मागं वळून पाहिलं, तर तिच्याच चपलांचे पांढरे ठसे रेघ सोडून कडेनं गेलेले आणि पुन्हा रेघेवर आलेले. तिला एवढंच जाणवलं की चालताना आपण पदर गोळा करून पोटाशी धरला होता, गर्दीच्या एसटीत बसलेल्या माणसाजवळून जाताना धरतो तसा.

गणपतरावांना तिनं ठसे दाखवले. माणसं मेंढरागत एकामागं एक चालतात, असं ते म्हणाले, आणि आपण म्हशीलाच विचारू असा निकाल दिला. त्यांची म्हैस पाडव्याच्या शर्यतीला तयार केलेली होती. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलचा आवाज आला की ती शेपूट वर करून गाडीमागं धावायची. गाडी जाईल तिथं म्हैस, असा तिचा धर्म. गणपतरावांनी ओढ्यापासून गाडी सोडली. कान बधिर करणारा आवाज करत गाडी आली, मागं म्हैस आली, आणि मधल्या तुकड्याशी गाडीनं मऊ वळसा घेतला. म्हशीनं त्याहून मोठा घेतला, आणि परत आल्यावर ती थरथरत उभी राहिली.

"बगा, सरळ आलो का न्हाय?" गणपतराव म्हणाले.

दीक्षानं बोट करून चाकाची खूण दाखवली. त्यांनी ती बघितली. हँडल ओढत असेल, असं काहीतरी पुटपुटले आणि गाडी मिस्त्रीकडं घेऊन गेले. मिस्त्रीला हँडलमध्ये काही सापडलं नाही. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

तेवढ्यात वकिलानं जुन्या माणसाचा जबाब मागितला. कॉलनी होण्याआधी ही सगळी जमीन गणपतरावांच्याच भावकीची होती, तेव्हा त्यांची आई चिमणाबाई हिच्याहून जुनं माणूस शोधायची गरज नव्हती. पढवून ठेवतो, असं गणपतराव म्हणाले होते. दीक्षा कागद घेऊन गेली तेव्हा म्हातारी उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती, आणि तिला पढवायची वेळच आली नाही.

"वाट हुतीच की," ती म्हणाली. "पाण्यावरनं वर. तुझं घर हाय तितनंच जायाची."

गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. म्हणजे आपण खोटं बोलतच नव्हतो! दीक्षाला मात्र थापेचा आवाज नकोसा वाटला. मग ती वाट गेली कुठं, असं तिनं विचारलं.

"माझ्या सासऱ्यानं नांगर घालून मोडली."

"का?"

मेथीवरचा हात थांबला. "माणसं पाण्यावर जायाची तवर ठीक हुतं," चिमणाबाई म्हणाली. "पाण्यावरनं यायाला लागलं, तवा मोडली."

काय यायला लागलं, हे तिनं सांगितलं नाही. अंगठा उठवला आणि काड्या झटकून आत गेली. आठवड्याच्या आत ती आजऱ्याला लेकीकडं निघाली. निकाल लागल्यावर जा की, असं गणपतराव म्हणाले, तर गाडीत बसता बसता तिनं त्यांनाच, तू बी चल, म्हणून सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

दीक्षानं आपल्या परीनं कारणं शोधली. माती कुठं कडक, कुठं भुसभुशीत असते. जमिनीचा उतार डोळ्याला कळत नाही, पायाला कळतो. पहिला माणूस चुकला की मागचे सगळे चुकतात. कारणं चांगली होती, आणि एकेक करून तिनं ती मनाशी घट्ट बांधली. मग एका संध्याकाळी ती गच्चीवर गेली, तर मधल्या जागी वळसा नव्हता. तिथलं गवत तुडवून सपाट झालेलं होतं. वळसा अलीकडं आला होता, हंबीररावाच्या खुणेच्या दगडापाशी.

काही दिवसांनी तो दगडाच्याही अलीकडं आला.

तिनं अंतर मोजलं नाही. मोजायची इच्छाच झाली नाही. कपडे ती पुढच्या अंगणात वाळत घालायला लागली. पण मन एका जागी ठरेना. वर्गात फळ्यावर आकृती काढताना खडू मधेच थांबायचा. घरी कणीक मळता मळता उठून ती मागं जायची, बिनगेटाच्या त्या मोकळ्या जागेकडं बघायची आणि काय बघायला आलो होतो ते न आठवून परत यायची. प्रसेनजीतला तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं उंदराचं बीळ असेल म्हणून ऐकून घेतलं आणि तिची समजूत काढायला तो स्वतः वाटेवरून चालून आला. ती गच्चीवरून बघत होती.

"हे बघ, सरळ," तो खालून म्हणाला. त्याच वेळी तो वळसा घेत होता.

दीक्षा कठड्यापासून मागं सरली.

पुढं एका संध्याकाळी कॉलनीतलं लग्न होतं आणि झाडून सगळे मंगल कार्यालयात गेले होते. दीक्षा पेपर तपासायला म्हणून घरी राहिली होती. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. स्वयंपाकघरात बसलेल्या तिला मागून आबांचा आवाज आला.

"या पावणं. दमलासा व्हय? बसा की तितंच. घाई कुनाला हाय."

ती बाहेर आली. उसाच्या शेंड्यावर तांबडं ऊन होतं. वाट रिकामी होती.

"कुणाशी बोलताय, आबा?"

"रोजचंच पावणं की."

"रोजचे म्हणजे कोण?"

"नाव कुटं इचारलंय? पावण्याला आधी पाणी इचारायचं, मग नाव."

तिची सासू शेवंताबाई या घरात राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत गेली होती. एकटेपणात म्हातारा माणूस मनानं कुणालाही समोर आणून बसवतो, हे तिला माहीत होतं. आईंसारखं वाटतं का, असं तिनं हळूच विचारलं. तसं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

आबा थोडेसे हसले. "शेवंताची चाल मला ठावं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "हे पावणं चालतच न्हाईत. बसल्या बसल्या म्होरं येत्यात."

ती तशीच गणपतरावांच्या पायरीवर जाऊन बसली, ते लग्नाहून येईपर्यंत. वाट दुसरीकडून काढा, गेट परत लावू द्या, असं तिनं हात जोडून सांगितलं. गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नकाशा दिला होता, जबाब दिले होते, साहेब उद्या दुपारी जागा बघायला येणार होते. आता वाट हलवली तर हंबीररावाला आयतंच कोलीत मिळणार होतं.

"बाई, मी बी आता तिकडं गाडी नेत न्हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान दीक्षानं कधी ऐकला नव्हता. "पन ते दिसत न्हाय. हंबीररावाचं सात मजलं दिसणार हायत. त्येचं काय करायचं, सांगा."

घरी येऊन तिनं भिंतीला टेकवलेलं गेट एकटीनंच उचललं आणि फरफटत मोकळ्या जागेपाशी नेलं. ते बिजागरीवर बसवायचं तर मधोमध उभं राहायला हवं होतं.

तिथं उभं राहायला जागा नव्हती.

काहीच नव्हतं समोर. पण जागा नव्हती. तिनं गेट परत भिंतीला टेकवलं आणि हात धुऊन घरात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. बारीक अंगाचे, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. हंबीरराव पांढऱ्या कपड्यांत होता. "साहेब, ही वाट दिवाळीनंतरची हाय," तो म्हणाला. "मी बी ह्याच मातीतला हाय, मला गवत कळतं." तो खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याला खोटं पाडायला आपण रजा काढून उभ्या आहोत, याची दीक्षाला लाज वाटली.

सगळे ओढ्यापासून चालत आले. साहेब पुढं, हंबीरराव मागं, मग गणपतराव आणि कॉलनी. वाट सरळ होती. दगडापाशी सरळ, बांधापाशी सरळ. दीक्षा बोळकांडीच्या तोंडाशी उभी राहून बघत होती.

गेटाच्या मोकळ्या जागेतून दोन माणसं सहज शेजारी शेजारी येतील.

साहेब अंग तिरकं करून, भिंतीला खांदा घासत आत आले.

त्यांच्यामागं हंबीरराव आला. त्यानं पोट आत ओढलं आणि सदऱ्याचा घोळ हातानं सावरून धरला.

मागून सगळी कॉलनी तशीच आली, एकेक, भिंतीला घासून. कुणाच्या तोंडावर काही नव्हतं.

साहेब थांबले. आपल्या खांद्यावरचा चुना झटकत त्यांनी मागं पाहिलं, जमिनीवरची पावलं पाहिली. "इथं पूर्वी काही होतं का?" त्यांनी विचारलं. गणपतरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "नवी वाट सरळ जाते," ते हंबीररावाला म्हणाले. "वळसा जुन्या वाटेलाच असतो. झाड असतं, विहीर असते. ते जातं, वळसा राहतो."

मग ते दीक्षाकडं वळले. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही सांगा. वाट जुनी आहे?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. माळावर नांगर फिरला असता, गेट लागलं असतं, आणि सात मजले उठले असते.

तिनं व्हरांड्याकडं पाहिलं. आबा डोळे मिटून, तोंड वर करून उन्हात बसले होते. तोंडावर लहान पोराचं असतं तसं समाधान होतं. त्यांनी आपली खुर्ची थोडी कडेला सरकवून घेतली होती.

"व्हय," दीक्षा म्हणाली. "जुनी हाय."

साहेबांशी ती नेहमी पुस्तकातलं बोलायची. आपल्या तोंडून हे कसं निघालं, तिला कळलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला निकाल आला. झोन बदलायला नकार मिळाला होता. ओढ्याची वहिवाट जुनी असल्याचं मान्य झालं होतं. ती कायम खुली ठेवायची होती आणि कुणीही, कसल्याही कारणानं, येणाऱ्याला अडवायचं नव्हतं. कॉलनीत फटाके वाजले. हंबीररावाची माणसं येऊन खुणेचे दगड उपटून घेऊन गेली.

त्या संध्याकाळी दीक्षा कितीतरी दिवसांनी गच्चीवर गेली. ओढ्यापासून बोळकांडीच्या तोंडापर्यंत वाट सुतासारखी सरळ होती. गेटापाशीही वळसा नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. कुठंच नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. गेलं ते, जे काही होतं ते, असं स्वतःशी म्हणत ती खाली आली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

गणपतराव पेढे घेऊन आले, पुढच्या दारानं. उन्हं गेल्यामुळं आबांची खुर्ची आत आणली होती. समोर सोफ्यावर प्रसेनजीत होता. दीक्षा स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून, पाय पसरून खाली बसली होती. खोली लहान, सामान बेताचं, मधली फरशी मोकळी.

बोलत बोलतच त्यांनी चपला काढल्या. निकाल ऐकून हंबीररावाचं तोंड कसं झालं ते सांगत ते आबांकडं निघाले, आणि मधून सरळ न जाता टीव्हीच्या कडेनं, भिंतीला अंग घासत गेले. कोपर लागून शोकेसची काच वाजली. त्यांचं लक्ष नव्हतं. आबांना पेढा दिला. प्रसेनजीतला दिला.

मग ते खोलीच्या मध्याकडं वळले आणि वाकले.

बॉक्स त्यांनी खाली धरला, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतका. तोंडानं हंबीररावाचंच चालू होतं. हात तेवढा थांबला होता, समोरचं माणूस घेऊ की नको करतंय म्हणून आपण थांबतो तसा.

हे कुणाला देताय, असं दीक्षाला विचारायचं होतं.

आबांनी गढूळ डोळे तिकडं वळवले. "घ्या की पावणं," ते म्हणाले. "लाजायचं न्हाय. आपलंच घर हाय."

गणपतराव सरळ झाले आणि बॉक्स घेऊन दीक्षाकडं यायला लागले. तिनं खाली पाहिलं. केव्हा कोण जाणे, तिनं पसरलेले पाय आखडून भिंतीशी घेतले होते, जाणाऱ्याला वाट राहावी इतके.